थर्मामीटर हवेचं तापमान मोजतच नाही

३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस दाखवलं आणि तो स्क्रीनशॉट आमच्या फॅमिली ग्रुपवर येऊन आदळला. भारताचा अधिकृत उच्चांक ५१ अंश, राजस्थानातल्या फलोदीचा, २०१६ चा. जगाचा ५६.७, डेथ व्हॅलीचा, १९१३ चा. म्हणजे नागपूर थेट डेथ व्हॅलीच्या पंक्तीला! आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवले होते. तिथला सेन्सर ३ अंश जास्त सांगत होता, असं हवामान खात्याने तपासून जाहीर केलं. नागपूरचा आकडाही बिघाडाचाच निघाला.

"लपवतायत," काकांनी निकाल दिला. आत्याचं म्हणणं, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे, सूर्य रोहिणीत गेलाय. मेच्या अखेरीस सूर्य नागपूरच्या जवळपास डोक्यावर असतो आणि पाऊस अजून यायचा असतो, एवढं त्या समजुतीमागचं निरीक्षण बरोबर आहे. पण त्यात रोहिणीचा काही हात नाही. आणि सेन्सरला तर नक्षत्र कळतच नाही.

मला या सगळ्याचं हसू आलं नाही, कारण माझ्या गॅलरीतल्या यंत्राने एकदा ८५ अंश दाखवले होते. दोनशे-तीनशे रुपयांचं वायफाय सर्किट, एक तापमानाची चिप आणि फ्रिजवर छोटी स्क्रीन, वर ऐटीत लिहिलेलं: 'पुणे, लाइव्ह'. त्या ८५ चा उलगडा लवकर झाला. या चिपला एक मोजमाप पुरं करायला पाऊण सेकंद लागतो. वीज आल्या आल्या घाईने विचारलं, तर ती आधीपासून भरून ठेवलेला आकडा सांगते, आणि तो आकडा ८५. प्रोग्राममध्ये एक सेकंदाची उसंत घातली, भागलं.

खरा घोळ दुपारी चारचा होता. फोन ४० म्हणे, गॅलरी ४७.

इथे माझा आवडता मुद्दा येतो. थर्मामीटर हवेचं तापमान मोजत नाही, स्वतःचं मोजतो. तो हवेइतकाच तापलाय, असं आपण गृहीत धरतो. उन्हात मात्र त्याच्याकडे उष्णता दोन वाटांनी येते-जाते: सूर्यप्रकाश शोषून ती मिळते, भोवतीच्या हवेला ती दिली जाते. दोन्हींचा मेळ बसतो तिथे पारा थांबतो. एक गोळा घ्या. ऊन त्याच्या सावलीएवढ्या वर्तुळावर पडतं, थंड मात्र तो चौपट क्षेत्रफळाच्या सगळ्या पृष्ठभागातून होतो. ऊन दर चौरस मीटरला १००० वॅट, त्यातलं ६० टक्के शोषलं, आणि वारा पडलेला असताना दर चौरस मीटरमागे दर अंशाला १५ वॅट निघून जातात असं धरू. ६०० भागिले (४ गुणिले १५), म्हणजे १० अंश. हवेपेक्षा १० अंश जास्त! वारा सुटला आणि तो १५ चा आकडा ६० झाला, की फरक अडीचवर येतो. गणित नको असेल तर एवढंच धरा: सावली द्या आणि वारा खेळू द्या.

दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात नेमकं हेच केलं. झडपांची पांढरी लाकडी पेटी, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर तापमापक, आणि आपल्या गोलार्धात दार उत्तरेला, म्हणजे उघडतानाही ऊन आत शिरत नाही. वेधशाळेच्या आवारात दिसणारी ती खुराड्यासारखी पेटी हीच.

मी कुंड्यांखालच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सहा बशा आणल्या, वरची एक सोडून बाकीच्यांना मधोमध भोकं पाडली, बोटभर अंतर ठेवून उलट्या एकावर एक बोल्टने आवळल्या आणि चिप आत टांगली. ४७ चे ४२ झाले.

उरलेल्या दोन अंशांत फोनचाही वाटा असू शकतो. त्याचा 'लाइव्ह' आकडा बहुतेक वेळा विमानतळांवरून तासा-अर्ध्या तासाने निघणारे रिपोर्ट आणि संगणकी मॉडेलच्या चौकटी यांतून काढलेला अंदाज असतो. अक्षांशाच्या पाव अंशाची चौकट म्हणजे साधारण २८ किलोमीटर. शिवाजीनगर आणि सिंहगड तिच्या एकाच घरात मावू शकतात.

पण रात्री अकरालाही गॅलरी दोन अंशांनी वरच असते. तेव्हा ऊन नसतं. दिवसभर तापलेली पश्चिमेची भिंत असते, हात लावला तर कोमट लागते. त्यावर बशांचा इलाज नाही. स्क्रीनवरचं 'पुणे' खोडून मी 'आमची गॅलरी' लिहिलंय.