खेचर जिथे चढलं नाही: उंचावरच्या तळ्यांकाठच्या एकांताची पार्श्वभूमी

३ सप्टेंबर १९६४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘वाइल्डरनेस ॲक्ट’वर सही केली. सरकारी कायद्यात सहसा न भेटणारा एक शब्द त्यात आहे: एकांत. रानभूमी कशाला म्हणावं याच्या व्याख्येतच तो घातला आहे. तिथे एकांताची किंवा साध्या, मोकळ्या भटकंतीची उत्तम संधी हवी, असं ती व्याख्या सांगते. हा मसुदा लिहिणारे हॉवर्ड झानायझर सहीच्या चार महिने आधी वारले. पहिल्याच दिवशी ९१ लाख एकर जमीन या व्याख्येखाली आली आणि तीत कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वताचा मोठा तुकडा होता. आज पाठीवर आठवड्याचं सामान घेऊन, पायवाट सोडून, उंचावरच्या एखाद्या निनावी तळ्याकाठी तंबू टाकणाऱ्यांची पंढरी म्हणजे हाच पर्वत.

गंमत अशी की या कायद्याचं एक मूळही तळ्याकाठीच सापडतं. १९१९ मध्ये आर्थर कारहार्ट हा तरुण वनखात्यात नुकताच रुजू झाला होता. कोलोरॅडोतल्या ट्रॅपर्स लेकभोवती उन्हाळी बंगल्यांचे प्लॉट पाडायचे आणि तळ्याला वळसा घालणारा रस्ता आखायचा, या कामावर त्याला पाठवलं. मोजणी करून तो परतला आणि वरिष्ठांना म्हणाला, इथे काहीही बांधू नका. वरिष्ठांनी ऐकलं, हे त्याहून नवल. त्याच वर्षी डिसेंबरात त्याची वनखात्यातल्याच ऑल्डो लिओपोल्डशी भेट झाली, आणि १९२४ मध्ये लिओपोल्डच्या आग्रहाने न्यू मेक्सिकोत ‘हिला’ (Gila) नावाचं पहिलं राखीव रान जाहीर झालं.

पण कायद्याने एकांत जपता येतो, निर्माण करता येत नाही. सिएरातला एकांत आला कुठून, हे समजायला दोन गोष्टींकडे बघावं लागतं. एक हिमनदी, दुसरं खेचर.

हिमयुगात या पर्वतावर बर्फाच्या नद्या होत्या. शिखरांच्या कुशीत त्यांनी कोरलेले खोलगट कोनाडे म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली हिमगव्हरं. बर्फ वितळल्यावर त्यांत पाणी साठलं आणि तळी झाली. मुख्य दरीतली हिमनदी जाड होती, तिने दरी खोल खोदली. बाजूच्या छोट्या हिमनद्यांना तेवढं बळ नव्हतं. त्यामुळे बाजूच्या दऱ्या मुख्य दरीच्या तळापर्यंत न पोचता वरच अधांतरी राहिल्या. यांना लोंबत्या दऱ्या म्हणतात. खालून बघाल तर फक्त उभा कातळ, दगडांचा ढिगारा आणि एखादा धबधबा दिसतो. वर दोन-तीन तळी ओळीने मांडली असतील अशी शंकाही येत नाही.

खेचराचं गणित वेगळं. ओझं लादलेल्या जनावराला ठरावीक चढ लागतो, वळणं लागतात, चरायला कुरण लागतं. सिएरातल्या जुन्या वाटा आधी मूळ रहिवाशांच्या व्यापाराच्या होत्या, मग मेंढपाळांच्या झाल्या, आणि नंतर ज्या बांधल्या गेल्या त्या जनावरांच्या हिशेबाने. म्हणून त्या मुख्य दरीच्या तळाने जातात आणि सोयीच्या खिंडीतून पलीकडे उतरतात. लोंबत्या दरीपर्यंत वाट न्यायची तर सुरुंग लावायला हवेत, आणि एवढा खर्च दोन तळ्यांसाठी कोण करणार? जिथे खेचर चढलं नाही तिथे एकांत शिल्लक राहिला. आखलेल्या वाटेबाहेरच्या एकांताचं इतकं सरळ कारण मला तरी दुसरं दिसत नाही.

लोकांना या पर्वतात आणायचं काम मुद्दाम केलं गेलं, हेही इथेच सांगायला हवं. हा पर्वत जपण्यासाठी सिएरा क्लब १८९२ मध्ये स्थापन झाला, निसर्गलेखक जॉन म्यूर त्याचे पहिले अध्यक्ष. १९०१ पासून विल्यम कोल्बी यांनी क्लबच्या वार्षिक सहली सुरू केल्या. आचारी, चुली, तंबू, खेचरांचे तांडे आणि सोबत शंभर-शंभर माणसं. लोकांनी पर्वत पाहिला तर ते त्याच्या बाजूने उभे राहतील, हा त्यामागचा हिशेब होता, आणि तो चुकला असं म्हणता येणार नाही. पण त्या तळावर रात्री एकांत सापडला असेल, असंही कोणी म्हणणार नाही.

पर्वताच्या मुख्य धारेला समांतर एक लांब वाट असावी, हे स्वप्न थिओडोर सॉलोमन्सने १८८४ मध्ये गुरं राखताना पाहिलं. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पुढे तो स्वतःच त्या मुलखात शिरला आणि १८९५ मध्ये एका शिखरमालेला डार्विन, हक्सले, वॉलेस अशी उत्क्रांतिवाद्यांची नावं देऊन मोकळा झाला. म्यूर १९१४ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी राज्य विधिमंडळाने त्यांच्या स्मरणार्थ वाट बांधायला दहा हजार डॉलर मंजूर केले. ही जॉन म्यूर ट्रेल पूर्ण व्हायला १९३८ उजाडलं. लांबी सुमारे ३४० किलोमीटर.

या वाटेने गर्दीला एक रेषा दिली. रेषा सोडली की माणूस संपतो. या वाटेवरच्या म्यूर पास नावाच्या खिंडीतल्या दगडी झोपडीपाशी उन्हाळ्यात माणसांची सतत ये-जा असते. तिथून दक्षिणेला एक धार ओलांडली की आयोनियन बेसिन लागतं: दगड, पाणी, आणि वाट नाही. तिथल्यासारख्या अनेक तळ्यांना नावंही नाहीत. नकाशावर फक्त समुद्रसपाटीपासूनची उंची छापलेली असते आणि लोक त्या आकड्यालाच नाव समजून हाक मारतात.

वाटेबाहेर फिरणारे लोक आधीही होतेच. नॉर्मन क्लाइड त्यांतला सर्वांत वल्ली. शाळेचा मुख्याध्यापक, हॅलोविनच्या रात्री टवाळ पोरांना पळवायला बंदूक झाडली आणि नोकरी गेली. मग तो उरलेलं आयुष्य डोंगरातच राहिला. त्याची पाठपिशवी चाळीस किलोच्या आसपास भरायची, आणि तिच्यात अभिजात ग्रंथही असत, मूळ भाषांतले. शंभराहून अधिक शिखरांवर किंवा नव्या मार्गांवर तो पहिला चढला, त्यांतले बरेचसे एकट्याने. याच काळात, १९३७ मध्ये, सिएरा क्लबने चढाईच्या अवघडपणाची प्रतवारी स्वीकारली. पायवाट म्हणजे पहिली श्रेणी, वाट नसलेला दगडधोंड्यांचा उतार म्हणजे दुसरी, हात टेकावेच लागतात ती तिसरी. आजही ‘दुसरीची खिंड’ एवढ्या दोन शब्दांत जाणकाराला पुढच्या दिवसाची कल्पना येते.

मग आले मासे. लोंबत्या दऱ्यांच्या तोंडच्या धबधब्यांमुळे वरच्या बहुतेक तळ्यांत मासा कधी पोचलाच नव्हता. माणसाने तो नेला. दुधाच्या कॅनमध्ये ट्राउट माशांची पिल्लं भरायची, खेचर पोचेल त्या तळ्यांपर्यंत कॅन लादून न्यायचे आणि तिथे ओतायचे. वायोमिंगच्या विंड रिव्हर पर्वतात फिनिस मिचेल याने १९३०च्या दशकात हेच केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात विमानातून मासे टाकायला लागले. जिथे वाट नव्हती तिथे गळ घेऊन माणसं जाऊ लागली आणि गवतात पुसट पाऊलवाटा उमटल्या. एकांतापेक्षा मोठा फटका बसला तो बेडकांना. पिवळ्या पायांच्या पहाडी बेडकांची डिंभकं वाढायला एकाहून अधिक वर्षं घेतात, म्हणजे हिवाळा त्यांना तळ्यातच काढावा लागतो, आणि ट्राउट त्यांना खातात. त्यातच बुरशीचा रोग आला. २०१४ मध्ये सिएरातले हे बेडूक संकटग्रस्त म्हणून नोंदवले गेले. आता काही तळ्यांतून जाळी लावून मासे काढले जातात, आणि तिथे बेडूक परतल्याचं दिसलं आहे.

१९५२ मध्ये डिक केल्टी ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची पाठपिशवी विकू लागला. नायलॉनचे तंबू आणि सुकवलेलं हलकं जेवण आलं, आणि १९७०च्या दशकापर्यंत वाटांवर झुंबड उडाली. त्यातून परमिट आणि कोटा आले. या पद्धतीतली एक बाब महत्त्वाची: मोजणी बहुतेक ठिकाणी वाटेच्या तोंडाशी होते. आज या वाटेने इतकेच आत जातील, बस. आत गेल्यावर वाट सोडून कुठल्या तळ्याकडे वळायचं, हे बऱ्याच भागांत तुमच्यावर सोपवलेलं असतं. गर्दी मात्र रेषेवरच राहिली. २०१५ मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातून डोनोह्यू पास या खिंडीमार्गे जॉन म्यूर ट्रेलने बाहेर पडणाऱ्यांवर दिवसाला ४५ जणांची वेगळी मर्यादा घालावी लागली.

१९८२ मध्ये स्टीव्ह रोपर यांनी ‘सिएरा हाय रूट’ छापून प्रसिद्ध केला: सुमारे ३१४ किलोमीटर, बराचसा वाटेविना, जंगल संपतं त्या उंचीच्या आसपासचा. म्यूर ट्रेलची गर्दी टाळायची म्हणून हा मार्ग, आणि तो छापला की तिथेही माणसं जाणार. हा पेच त्यांचा एकट्याचा नाही. एकांत सापडला की तो सांगावासा वाटतो, आणि सांगितला की थोडा कमी होतो. म्हणूनच वाट सोडून फिरणाऱ्या मंडळींत काही अलिखित संकेत रुजले. वाटेविनाच्या भागात लगोरीसारख्या दगडांच्या खुणा रचायच्या नाहीत. तिथे या खुणांना ‘डक’ म्हणतात, आणि दिसली की पाडून पुढे जाणारे कमी नाहीत. नाजूक गवतावरून एकामागोमाग न जाता पसरून चालायचं, म्हणजे वाट पडत नाही. तंबू पाण्यापासून साठेक मीटर लांब टाकायचा.

फोनने या संकेतांची परीक्षा घेतली. वायोमिंगच्या ग्रँड टीटन उद्यानात डेल्टा लेक नावाचं निळसर दुधी तळं आहे. तिकडे उद्यानाची देखभाल केलेली वाट जात नाही, दगडांच्या उतारावरून चढावं लागतं. फोटो पसरले आणि तिथे रीघ लागली. २०१८ मध्ये जॅक्सन होलच्या पर्यटन मंडळाने फोटोवर नेमकी जागा टाकू नका, अशी मोहीमच काढली. पर्यटन मंडळानेच पत्ता लपवा म्हणावं, हे कोल्बींना ऐकवलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

तरी सिएरातली बहुतेक लोंबती तळी अजून शांत आहेत. उपग्रहाची चित्रं आणि जीपीएसवरच्या तयार रेषा असूनही असं का, याचं एक उत्तर जुन्या नकाशातच आहे. सरकारी नकाशांवर दोन समोच्चरेषांमध्ये, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेषांमध्ये, उंचीचा सहसा चाळीस फुटांचा, म्हणजे बारा मीटरचा, फरक असतो. तीस फुटांचा सरळ कडा त्या दोन रेषांमध्ये बेमालूम लपतो. घळ नकाशावर सोपी दिसते, माणूस तासभर दगड तुडवत वर येतो आणि त्या कड्याखाली उभा राहतो. पाठीवर पंधरा किलो असतात, आभाळ भरून आलेलं असतं. बरेच जण तिथूनच मागे फिरतात.