पुढचा शॉकअप: खड्डा, तेल आणि पीव्हीसीचा तुकडा

ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या बाइकचं पुढचं चाक ४ सेंटिमीटर उंचीच्या उभ्या कडेवर आलं, तर ती कड चढायला चाकाला सेकंदाचा साधारण सत्तरावा भाग मिळतो. म्हणजे चाकाचा वर उसळण्याचा वेग सेकंदाला जवळजवळ ३ मीटर. उलट, पुढचा ब्रेक दाबल्यावर बाइक पुढे झुकते तेव्हा शॉकअप दबतो तो सेकंदाला जेमतेम १५ ते २० सेंटिमीटरने. मुंबईत रोज या दोन्ही गोष्टी होतात, कित्येकदा एकाच सिग्नलच्या अलीकडे-पलीकडे. पुढच्या शॉकअपवर पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे या दोन वेगांतल्या फरकावर ठरतं.

१०० ते १५० सीसीच्या बहुतेक बाइकचा पुढचा शॉकअप रचनेने साधा असतो. वरून येणारा गुळगुळीत फोर्क पाइप खालच्या बॉटममध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या जाड नळीत, सरकतो. आत लांब स्प्रिंग, थोडं तेल आणि तळाशी भोकं असलेली एक नळी. तेलाने धक्का जिरवणारा असा टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर-१२ आणि आर-१७ या मोटरसायकलींवर आणला. आजही तत्त्व तेच आहे: भार स्प्रिंग तोलते, हालचाल तेल आवरतं.

खरी गोम त्या भोकांत आहे. इंजेक्शनची सिरिंज पाण्याने भरून दट्ट्या हळू दाबा, सहज सरकतो. जोरात दाबायला गेलात की अडतो. बारीक भोकातून वेगाने जाणाऱ्या तेलाचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गात वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. वरच्या उदाहरणात टायर दबल्यामुळे शॉकअपपर्यंत निम्माच वेग पोचला असं धरलं, तरी तो ब्रेकच्या वेळच्या ८-९ पट होतो आणि विरोध ७०-८० पट. म्हणून एकच शॉकअप ब्रेक लावताना भसकन बसतो आणि पेव्हर ब्लॉकच्या कडेवर मात्र मनगटं हलवून सोडतो. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असतात.

आणि म्हणूनच ‘शॉकअप बसतोय, जाड तेल टाका’ हा गॅरेजमध्ये सर्रास मिळणारा सल्ला मला पटत नाही. जाड तेलाने स्प्रिंगची ताकद तसूभरही वाढत नाही. बाइक तेवढीच बसते, फक्त थोडी सावकाश. परत वर यायलाही ती जास्त वेळ घेते. एकामागोमाग एक खड्डे आले की पहिल्यातून सावरायच्या आत दुसरा येतो, शॉकअप दरवेळी थोडा थोडा खालीच अडकत जातो आणि चौथ्या-पाचव्या खड्ड्याला दबायला जागाच उरत नाही. कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेलं तेल, पण ताजं, हा बहुतेकांसाठी सगळ्यात चांगला खर्च आहे. जुन्या तेलात धातूचा कीस आणि पाणी मिसळलेलं असतं. काढल्यावर ते राखाडी आणि कुजकट वासाचं निघतं. डब्यावर जाडी सांगणाऱ्या ‘१० डब्ल्यू’ या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. एका कंपनीचं १० दुसऱ्या कंपनीच्या १५ इतकं जाड असू शकतं. खरी तुलना ४० अंश सेल्सिअसला मोजलेल्या सेंटिस्टोक्सची, म्हणजे तेलाचा दाटपणा मोजायच्या एककाची.

तेलाच्याही आधी घर्षण बघा, कारण त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही.  बाइक मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि डस्ट सीलच्या, म्हणजे बॉटमच्या तोंडावरच्या रबरी कड्याच्या, वर फोर्क पाइप किती उघडा दिसतो ते मोजून ठेवा. मग बाइक खाली घेऊन तिच्यावर नेहमीसारखं बसा, मागे एका मित्राला धरायला आणि पुढचं काम दुसऱ्याला करायला सांगा. हँडल दाबून अलगद वर येऊ द्या आणि पाइप आता आधीपेक्षा किती आत गेला ते मोजा. मग हँडल उचलून अलगद बसू द्या, पुन्हा मोजा. दोन मापं सारखी येणार नाहीत. त्यांच्यातला फरक म्हणजे घर्षण. तो ३-४ सेंटिमीटर निघाला, तर छोटे हादरे स्प्रिंगपर्यंत पोचतच नाहीत, थेट हातात येतात.

याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पंक्चर काढल्यावर घाईत आवळलेला पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सल, म्हणजे आस. शॉकअपचे दोन्ही पाय एकमेकांकडे खेचले जातात आणि पाइप तिरके घासतात. अ‍ॅक्सलचा नट आणि क्लँपचा बोल्ट असेल तर तोही किंचित सैल करा, पुढचा ब्रेक धरून शॉकअप पाच-सहा वेळा दाबा, पाय आपापल्या जागी बसले की पुन्हा नीट आवळा. दहा मिनिटांचं काम आहे. पावसाळ्यात सीलखाली चिखलाची बारीक रेती जाते. डस्ट सील वर सरकवून पुसून घ्या. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी सीलच्या ओठाखालून हलकेच फिरवली तर गळणारं सीलही कधी कधी बंद होतं. पाइपवर गंजाचे खड्डे पडले असतील तर मात्र नवीन सीलही टिकणार नाही. रबरी गेटर, म्हणजे पाइप झाकणारं घड्यांचं आवरण, लावणं स्वस्त आणि शहाणपणाचं, फक्त त्यात पाणी साचत नाही ना हे पावसाळ्यात उघडून बघत जा.

आता स्प्रिंग. मघाच्या दोन मापांची सरासरी म्हणजे तुमच्या वजनाने शॉकअप किती बसतो ते. एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश इतकं ते असावं. १२० मिलिमीटर हालचाल असेल तर ३० ते ४०. जास्त बसत असेल तर स्प्रिंगच्या वर जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्ही टोकांना वॉशर देऊन, बसवतात. १० मिलिमीटरच्या तुकड्याने बाइक पुढून साधारण १० मिलिमीटर उचलली जाते. स्प्रिंग कडक होत नाही, ती आणखी १ सेंटिमीटर दाबायला पूर्वीइतकाच जोर लागतो. तुकडा भलताच लांब घातला तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात आणि शॉकअप मध्येच ठप्प होतो. थोड्या तुकड्याने भागत नसेल तर स्प्रिंग थकली आहे, नवीन घ्या.

कडक ब्रेकमध्ये शॉकअप पार तळाला आपटत असेल, तर तेलाची पातळी किंचित वाढवणं हा सुरेख उपाय आहे. बाइक आणि स्वार मिळून २०० किलो असतील तर मध्यम जोराच्या ब्रेकलाही ४५ किलोच्या आसपास भार मागच्या चाकावरून पुढच्यावर येतो. तेव्हा तेलावर कोंडलेली हवा दुसऱ्या स्प्रिंगचं काम करते. समजा, हवेचा स्तंभ १८० मिलिमीटरचा आहे आणि शॉकअप १२० दबला. उरले ६०, दाब तिप्पट. पातळी २० ने वाढवली तर १६० चे ४० उरतात, दाब चौपट. पण शॉकअप अर्धाच दबला असताना हेच आकडे दीडपट आणि १.६ पट. म्हणजे रोजच्या चालीत फरक जवळजवळ नाही, शेवटच्या टप्प्यात भरपूर. हे बॉइलच्या नियमाने आलेलं गणित. झटक्यात दबलेली हवा तापते, त्यामुळे प्रत्यक्षात दाब आणखी थोडा चढतो. म्हणून ५-५ मिलिमीटरनेच वाढवा, दोन्ही पायांत अगदी सारखं. अतिरेक केलात तर सील फुटतं आणि तेल थेट ब्रेकवर येतं.

शॉकअपचं झाकण उघडताना खाली स्प्रिंग दाबलेली असते, चेहरा बाजूला ठेवा आणि चाक अधांतरी असल्याशिवाय हात लावू नका. बाइक कधी पडली असेल तर पाइप काचेवर लोळवून वाकलाय का ते आधी पाहा. वाकलेल्या पाइपवर यातलं काहीच चालणार नाही.

वेगाच्या वर्गाचा नियम मात्र यातल्या कशानेच बदलत नाही. त्यासाठी नळीवर स्प्रिंगने धरलेली झडप बसवावी लागते, जी दाब वाढला की जास्त उघडते आणि तेलाला वाट देते. मोठ्या बाइकसाठी ती मिळते. साध्या १२५ सीसीच्या बाइकवर तो खर्च मी सुचवणार नाही. तेच पैसे नवीन स्प्रिंग, चांगली सीलं आणि पुढच्या टायरवर घाला, आणि टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तेवढीच भरा. पंपावर सवयीने ४-५ पीएसआय जास्त भरली जाते आणि शिव्या शॉकअपला बसतात.