फ्रिज गार करत नाही, तेव्हा उष्णता कुठे अडली आहे?

एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकू लागला की सिडकोपासून पंचवटीपर्यंत फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांना उसंत मिळत नाही. बहुतेक घरांतली तक्रार एकच असते: दिवा लागतो, आवाजही येतो, पण दूध नासते आणि बाटलीतले पाणी गार लागत नाही. मग फ्रिजची मागची बाजू कोणी पाहण्याआधीच ‘गॅस संपला असेल’ असे निदान होऊन जाते आणि गॅस भरण्याच्या खर्चाची तयारी सुरू होते. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून तो संपतो. फ्रिजमधला गॅस मात्र कशातही खर्च होत नाही. धातूच्या बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो आणि नळीला कुठे छिद्र पडले नाही, तर दहा-पंधरा वर्षांनीही जवळपास तेवढाच असतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती नसेल तर बिघाड दुसरीकडे आहे. हा फरक घरच्या माणसालाही बऱ्याच अंशी ओळखता येतो. त्यासाठी हात, कान, एक साधा थर्मामीटर आणि थोडा धीर एवढे पुरते.

त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. फ्रिज थंडी तयार करत नाही, तर आतली उष्णता उचलून बाहेर स्वयंपाकघरात टाकतो. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो, या तत्त्वावर वायू दाबून पुन्हा द्रव करणाऱ्या यंत्राचे पेटंट जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले, आणि आपल्या घरातला फ्रिज आजही मूलतः त्याच पद्धतीने चालतो. कॉम्प्रेसर वायूला दाबतो, त्यामुळे तो खोलीतल्या हवेपेक्षा जास्त तापतो. मागच्या जाळीत किंवा बाजूच्या पत्र्याआड दडवलेल्या नळीत तो ही उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव बनतो. तिथून अतिशय बारीक कॅपिलरी नळीतून पुढे गेल्यावर त्याचा दाब एकदम उतरतो, आणि फ्रीझरच्या नळीत तो उकळून आतली उष्णता शोषतो. उष्णतेची ही वाट कुठे अडली आहे, एवढाच प्रश्न तपासणीत सोडवायचा असतो.

सुरुवात विजेपासून करावी. दिवा लागतो याचा अर्थ वीज येत आहे एवढाच. ती कॉम्प्रेसरला पुरेशी आहे असा होत नाही. मोटर सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर व्होल्टेज सुमारे २२ टक्क्यांनी उतरते, पण हा जोर जवळजवळ ३९ टक्क्यांनी घटतो. मग कॉम्प्रेसर काही सेकंद नुसताच घुमतो, सुरू होत नाही, तापतो, आणि ओव्हरलोड संरक्षक ‘टक्’ असा आवाज करून त्याची वीज तोडतो. काही मिनिटांनी तो संरक्षक गार होतो आणि हाच प्रकार पुन्हा घडतो. घर शांत असताना फ्रिजजवळ दहा-पंधरा मिनिटे थांबले, तर हे घुमणे आणि त्यामागोमागचा ‘टक्’ स्पष्ट ऐकू येतो. परिसरातले एसी आणि कूलर चालू असतानाच तो येत असेल, तर दोष बहुधा व्होल्टेजचा असतो आणि चांगल्या स्टॅबिलायझरने काम भागते. व्होल्टेज ठीक असूनही तो दिवसभर येत असेल, तर रिले, म्हणजे कॉम्प्रेसरची मोटर सुरू करून देणारा छोटा स्विच, किंवा कॉम्प्रेसर बिघडलेला असतो. रिले हा कॉम्प्रेसरच्या तुलनेत अगदीच स्वस्त भाग आहे, त्यामुळे तो तपासून झाल्याशिवाय कॉम्प्रेसर बदलायला होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वीज क्षणभर जाऊन लगेच परत आली, तर मात्र हा आवाज बिघाडाचा नसतो. नळ्यांतले दोन्ही बाजूंचे दाब सारखे होईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटे, साधा कॉम्प्रेसर सुरू होऊ शकत नाही.

कॉम्प्रेसरचा आवाजच येत नसेल, तर आधी बटणे पाहावीत. एकाच दरवाज्याच्या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅटच्या, म्हणजे गारवा कमी-जास्त करण्याच्या चकतीच्या, मधोमध डिफ्रॉस्टचे, म्हणजे बर्फ वितळवण्याचे, बटण असते. पुसताना ते चुकून दाबले गेले, तर फ्रीझरचा बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंद राहतो. अंकांची चकती शून्यावर सरकलेली असते, किंवा अंक वाढवले की थंडी कमी होते असा उलटा समज घरात असतो. बहुतेक फ्रिजमध्ये मोठा अंक म्हणजे जास्त गार.

कॉम्प्रेसर चालतो आहे आणि तरीही गारवा नाही, असे असेल तर फ्रिजच्या दोन्ही बाजूंना तळहात लावून पाहावा. बऱ्याच नव्या फ्रिजना मागे काळी जाळी नसते. ती नळी बाजूच्या पत्र्याच्या आत बसवलेली असते, त्यामुळे पत्रा कोमट किंवा बऱ्यापैकी गरम लागतो. अनेकांना तो बिघाड वाटतो आणि ते घाबरून प्लग काढतात. प्रत्यक्षात ती शुभ खूण आहे, कारण आतून उचललेली उष्णता तिथूनच बाहेर पडत असते. कॉम्प्रेसर तासभर चालूनही पत्रा खोलीइतकाच थंड लागला, तर नळीतून उष्णता येतच नाही असे समजावे. उलट पत्रा चटका बसण्याइतका तापला असेल, तर उष्णता बाहेर पडण्याच्या दारातच अडकली आहे.

सिडकोतल्या लहान घरांत हा दुसरा प्रकार मी पुष्कळदा पाहिला आहे. ओट्याच्या टोकाला भिंत आणि भांड्यांचे कपाट यांच्यामधल्या फटीत फ्रिज इतका घट्ट बसवलेला असतो की बाजूने बोट जात नाही. वर प्लॅस्टिकचे कापड आणि त्यावर डबे रचलेले असतात. मागे जाळी असेल, तर तिच्यावर फोडणीच्या तेलकट वाफेत भिजलेली धूळ चिकटून राखाडी थर झालेला असतो. खोलीत ४० अंश असताना नळीतल्या गॅसला त्याहून दहा-पंधरा अंश जास्त तापावे लागते, तेव्हाच उष्णता हवेत जाते, आणि हवा कोंडली की हा फरक आणखी वाढवावा लागतो. कॉम्प्रेसर थांबेनासा होतो आणि आतला गारवा मात्र पुरत नाही. अशा फ्रिजचा प्लग काढून मऊ ब्रशने जाळी झाडावी, बाजूला आणि मागे चार बोटे जागा सोडावी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. मे महिन्यातल्या किती तक्रारी एवढ्यावर मिटतात, हे पाहून आश्चर्य वाटते.

उष्णता आत येण्याचा मार्गही तितकाच महत्त्वाचा आहे. दरवाज्याच्या रबरात चुंबकाची पट्टी असते; एक नोट दरवाज्यात धरून तो लावावा आणि नोट ओढून पाहावी. चारही बाजूंना असे करताना एखाद्या कोपऱ्यात ती सहज निघाली, तर तिथून दमट हवा आत जाते आहे. रबरावर साचलेला चिकटपणा कोमट साबणाच्या पाण्याने पुसल्यावर बहुधा पकड परत येते, नाही तर रबर बदलावे लागते.

आत काय आणि किती गरम ठेवले जाते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दोन लिटर दूध ८० अंशांवरून ५ अंशांवर आणायचे, तर सुमारे ५८५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. घरगुती फ्रिज दर सेकंदाला १०० ज्यूल उष्णता बाहेर काढतो असे धरले, तर या एकाच पातेल्यासाठी त्याला दीड तासाहून अधिक वेळ अखंड चालावे लागेल, आणि त्या वेळात बाकीचे सगळे पदार्थ तापतील. हेच पातेले परातीतल्या पाण्यात ठेवून ३० अंशांपर्यंत निवू दिले, तर दोनतृतीयांश काम फुकट होते. उन्हाळ्यात मात्र दोन तासांहून जास्त वेळ ते बाहेर राहू देऊ नये. नाशिक जिल्ह्यातले द्राक्ष निर्यातदार हे तत्त्व नेमके पाळतात. ते शेतावरून आलेला गरम माल थेट साठवणीच्या शीतगृहात ठेवत नाहीत. आधी स्वतंत्र प्रीकूलिंगच्या खोलीत जोराची थंड हवा खेळवून द्राक्षांतली शेताची उष्णता काढून घेतात, कारण साठवणीचे यंत्र मालाला गार राखण्यासाठी बनवलेले असते, तापलेला माल झपाट्याने गार करण्यासाठी नव्हे.

दोन दरवाज्यांच्या फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये एक वेगळा बिघाड वारंवार आढळतो: वर आइस्क्रीम घट्ट असते, खाली भाजी मात्र कोमेजते. अशा फ्रिजमध्ये गार नळी फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड असते आणि एक छोटा पंखा तिथली थंड हवा खाली ढकलतो. त्या नळीवर साठणारा बर्फ ठरावीक काळाने एक हीटर आपोआप वितळवतो. हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर यांतले काही बिघडले की बर्फ वाढत जातो, पंख्याची वाट बुजते आणि खालचा कप्पा गारव्याला मुकतो. खात्री करायची असेल तर फ्रिज रिकामा करून, दरवाजे उघडे ठेवून पूर्ण एक दिवस बंद ठेवावा. पुन्हा सुरू केल्यावर तो काही दिवस उत्तम चालला आणि नंतर तसाच बिघडला, तर दोष डिफ्रॉस्टच्या भागांत आहे हे जवळपास निश्चित होते. गॅसशी त्याचा काहीही संबंध नसतो.

नाशिकच्या हिवाळ्यात याच्या उलट प्रकार दिसतो. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली जातो, आणि तेव्हा फ्रीझरमधला बर्फ मऊ पडू लागतो, खालचा कप्पा मात्र ठीक असतो. कारण अनेक फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर कधी सुरू व्हावा हे खालच्या कप्प्याचे तापमान ठरवते. स्वयंपाकघरच १२-१४ अंशांवर असेल तर खालचा कप्पा तापत नाही, कॉम्प्रेसर क्वचित चालतो, आणि फ्रीझरला लागणारा गारवा मिळत नाही. फ्रिजच्या पाटीवर त्याचा हवामान वर्ग लिहिलेला असतो: ‘एन’ म्हणजे १६ ते ३२ अंश, ‘एसटी’ म्हणजे १६ ते ३८, ‘टी’ म्हणजे १६ ते ४३. या तिन्ही वर्गांची खालची मर्यादा १६ आहे, आणि आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या रात्री तिच्याही खाली जातात. थंडीत चकतीचा अंक कमी करण्याची सवय अशा फ्रिजच्या बाबतीत उलटी पडते. तो थोडा वाढवून पाहावा.

एवढे सगळे पाहून झाल्यावर गॅसचा विचार करावा. एकाच दरवाज्याच्या फ्रिजमध्ये त्याची खूण डोळ्यांना दिसते. फ्रीझर कोरडा करून फ्रिज दोन-तीन तास चालवला, तर निरोगी फ्रिजमध्ये फ्रीझरच्या सगळ्या पत्र्यावर हिमाचा पातळ, सारखा थर धरतो. थर एकाच कोपऱ्यात, गॅस जिथून आत येतो तेवढ्याच भागात धरला आणि बाकीचा पत्रा कोरडा राहिला, तर गॅस कमी आहे. थर कुठेच धरला नाही, तर गॅस पूर्ण गेला आहे, कॅपिलरी चोक झाली आहे किंवा कॉम्प्रेसर दाब देईनासा झाला आहे. फ्रिज थोडा वेळ गार करतो, थांबतो, आणि काही तास बंद ठेवल्यावर पुन्हा थोडा वेळ गार करतो, असे होत असेल तर आत ओलावा शिरून कॅपिलरीच्या तोंडाशी बर्फ जमत असण्याची शक्यता मोठी असते.

गळतीचे एक कारण घरातच घडते. जमलेला बर्फ सुरीने किंवा उलथन्याने खरवडताना फ्रीझरचा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा फुटतो आणि आतल्या वाहिनीला छिद्र पडते. बर्फ कितीही घट्ट असला, तरी तो फ्रिज बंद करून आपोआपच वितळू द्यावा.

जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ हा क्लोरीनयुक्त वायू असे. अशा वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होतो हे मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवले, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, आणि ते वायू मागे पडले. आजच्या नव्या घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. साध्या हवेच्या दाबाखाली तो उणे ११.७ अंशांना उकळतो, आणि फ्रीझरला तर उणे १८ अंश लागतात. म्हणून फ्रिज चालू असताना फ्रीझरच्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी ठेवला जातो. याचा परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे: त्या बाजूला छिद्र पडले, तर चालू फ्रिजमध्ये गॅस बाहेर येण्याऐवजी बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. अशा फ्रिजमध्ये वरून नुसता गॅस भरणे निरुपयोगी असते.

म्हणून मेकॅनिक ‘गॅस भरावा लागेल’ असे म्हणाला, तर चार गोष्टी विचाराव्यात. गळती कुठे सापडली, आणि ती नायट्रोजनचा दाब देऊन तपासली का? नळीतला ओलावा आणि कचरा अडवणारा फिल्टर नवा घालणार का? गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा काढणार का? आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरणार का? आयसोब्युटेनचा पूर्ण भराच कित्येक फ्रिजमध्ये जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास असतो. तिथे १० ग्रॅमची चूकही मोठी ठरते, आणि अंदाजाने भरलेला गॅस फ्रिजला अधू करतो. हा वायू ज्वालाग्राही आहे, त्यामुळे काम चालू असताना खिडक्या उघड्या असाव्यात, शेगडी बंद असावी, आणि नळीत गॅस शिल्लक असताना तिच्यावर ज्योत धरू देऊ नये.

दुरुस्ती होईपर्यंत दरवाजा शक्यतो उघडू नये. बंद फ्रिजमधले पदार्थ साधारण चार तास सुरक्षित राहतात, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. घरात इन्सुलिन असेल तर ते आधी शेजारच्या चालू फ्रिजमध्ये हलवावे, कारण त्याला २ ते ८ अंश लागतात आणि ते गोठूनही चालत नाही. दुरुस्तीनंतर आतल्या हवेचे तापमान पाहून समाधान मानू नये, कारण दरवाजा उघडताच ते बदलते. मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवून त्यात थर्मामीटर बुडवावा आणि रात्रभर दरवाजा बंद ठेवावा. सकाळी पाणी ४ अंशांच्या आसपास असेल तर काम नीट झाले आहे. ८-१० अंश असेल, तर पैसे देण्यापूर्वी मेकॅनिकला परत बोलवावे.