पाचोळा हेच घर: वनकासवाची बंदिवासातली निगा

आशियाई वनकासवाच्या मागच्या मांड्यांवर जाड, टोकदार खवल्यांचे झुबके असतात. ते इतके ठसठशीत, की लांबून बघणाऱ्याला या प्राण्याला सहा पाय आहेत असं वाटावं. मनोरिया एमिस हे त्याचं शास्त्रीय नाव. नागालँड, मेघालय, मिझोरामपासून म्यानमार, मलेशिया, सुमात्रा-बोर्निओपर्यंतच्या ओल्या डोंगरी जंगलांत ते राहतं. आशियाच्या मुख्य भूमीवरचं हे सगळ्यात मोठं भूचर कासव. आपल्याकडच्या उपजातीचं पूर्ण वाढलेलं जनावर 25-30 किलो सहज भरतं. मांसासाठी होणारी शिकार आणि जंगलतोड यांमुळे ते आज 'अतिसंकटग्रस्त' आहे. दिमापूरजवळच्या नागालँड प्राणिसंग्रहालयात त्याची पैदास केली जाते. तिथे वाढवलेली 10 कासवं 2022 मध्ये इंटांकी राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आली.

हे काम प्राणिसंग्रहालयांचं आणि परवानाधारक केंद्रांचं आहे, हे आधीच सांगायला हवं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी कासव घरी पाळणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात कुणाकडे असं कासव आढळलं, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं. जवळच्या रानात नेऊन सोडू नये. ते रान त्याचं नसतं आणि त्याच्या अंगावरचे रोग तिथल्या कासवांना लागू शकतात.

आपल्या ओळखीचं तारा कासव कोरड्या माळाचं. त्यामुळे सुटका करून आणलेल्या कुठल्याही भूचर कासवाला वाळू आणि भरपूर ऊन द्यायचा मोह होतो. वनकासवाला ही सोय मानवत नाही. त्याला दिवसा 22 ते 28 अंश तापमान आणि 70 ते 90 टक्के आर्द्रता लागते. पारा 32 च्या वर गेला की ते खाणं सोडतं, चिखलात किंवा पाल्यात तोंड खुपसून बसतं. पिल्लांचं कोरड्या हवेत आणखी नुकसान होतं: पाठीवरचा एकेक खवला पिरॅमिडसारखा वर उचलला जातो. हा दोष बरीच वर्षं प्रथिनांच्या माथी मारला जात होता. 2003 मध्ये आफ्रिकेतल्या सुल्काटा कासवांच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मुख्य कारण कोरडी हवा निघालं. प्रथिनांचा वाटा किरकोळ होता. एकदा वाकडं झालेलं कवच पुन्हा सरळ होत नाही.

म्हणून आवाराची सुरुवात जमिनीपासून करावी. भुसभुशीत मातीवर 15-20 सेंटिमीटर पाचोळ्याचा थर द्यावा आणि त्यात गांडुळं सोडावीत. वरचा पाला हाताला कोरडा लागावा, चार बोटं खाली मात्र ओल असावी. ओल आणि चिखल यांतला हा फरक फार महत्त्वाचा आहे. सततच्या चिखलात पोटाकडचं कवच सडू लागतं, खवल्यांखाली मऊ, वास येणारे डाग पडतात. ओलीला गारठ्याची आणि कोंदट हवेची जोड मिळाली की फुप्फुसं बिघडतात. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. त्यामुळे नाकाशी बुडबुडे दिसले किंवा मान ताणून, तोंड उघडून श्वास चालू असला, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. घरातून उरलेलं औषध देऊ नये. जंतांवर सर्रास वापरलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवांच्या जिवावर बेततं.

एका जोडीला निदान 10 मीटर बाय 10 मीटर जागा असावी आणि तिच्या मोठ्या भागावर झाडांची सावली. कुंपण जाळीचं नको; पलीकडचं दिसलं की कासव दिवसभर तिथेच धडका देत राहतं. 60 सेंटिमीटर उंचीची भरीव भिंत पुरते. पाण्यासाठी उतरत्या काठाचा उथळ हौद हवा, मधोमध फार तर 10-15 सेंटिमीटर खोल. कासवं त्यात बसतात, पाणी पितात आणि तिथेच घाणही करतात, म्हणून पाणी रोज बदलावं लागतं.

आहारात मुख्य भाग हिरव्या पानांचा: तुती, जास्वंद, रताळ्याचा वेल, निवडुंगाची फडं. जोडीला बांबूचे कोंब, धिंगरी अळिंबी, थोडी फळं आणि अधूनमधून गांडुळं. पालकाचा मारा टाळावा, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा, म्हणजे माकुलीच्या अंगातल्या चुनखडी कवचाचा, तुकडा आवारात कायम असू द्यावा. नवं आलेलं कासव 90 दिवस वेगळं ठेवावं, विष्ठेची तपासणी करून घ्यावी आणि दर आठवड्याला वजन करावं. घटतं वजन हीच बहुतेक दुखण्यांची पहिली खूण असते.

या कासवाचं खरं वेगळेपण विणीच्या वेळी दिसतं. बाकीची भूचर कासवं खड्डा खणून अंडी घालतात आणि निघून जातात. ही मादी मात्र पाय झाडत पाचोळा मागे सारत राहते. एक फराटा, जरा थांबणं, पुन्हा फराटा, असं करत गुडघाभर उंचीचा ढीग रचते, त्यात 30-50 अंडी घालते आणि पुढचे काही दिवस त्याची राखण करते. कुणी जवळ आलं तर नाकाने ढकलते. तरी हटलं नाही तर ढिगावर अंग पसरून बसते. पाचोळा कमी पडला तर ढीगच उभा राहत नाही आणि अंडी उघड्यावर पडतात. म्हणून विणीच्या आधीच आवारात निदान दोन बैलगाड्या भरतील इतका सुका पाला आणून टाकावा. बांबूचा पाला चांगला. तो लवकर दबत नाही.

अंडी उचलायची झाल्यास ती होती तशीच उचलावीत आणि वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करावी. पहिल्या दिवस-दोन दिवसांतच गर्भ वरच्या अंगाला चिकटतो. नंतर अंडं उलटलं तर तो मरतो. व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि पाणी समभाग वजनाने मिसळून त्यात अंडी अर्धी बुडवतात आणि 28 अंशांवर ठेवतात. जास्त उष्णता आणि कोरडेपणा यांमुळे पिल्लांच्या पाठीवर वेडेवाकडे, जादा खवले येतात. साधारण दोन-अडीच महिन्यांनी अंड्याचं कवच तडकतं. पिल्लू त्यानंतरही दिवसभर, कधी दोन दिवस आतच बसून राहतं. पोटाशी लटकणारा बलक तेवढ्या वेळात आत ओढला जातो, म्हणून त्याला ओढून बाहेर काढायचं नाही. बाहेर आल्यावर ओलसर पाल्याच्या पेटीत ठेवावं आणि रोज 15 मिनिटं हनुवटीखाली येईल इतक्याच कोमट पाण्यात बसवावं.