शंकासूर, सीतेची आसवं आणि को ८६०३२

कासला सप्टेंबरमध्ये गेलं की त्या जांभळ्या बारक्या फुलांचे पट्टेच्या पट्टे दिसतात, सोबतचा गाईड सांगतो ही सीतेची आसवं, लोक फोटो काढतात नि पुढच्या फुलाकडे वळतात. झाड किडेखाऊ आहे हेही हल्ली बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण या जातीची झाडं भक्ष्य आत कसं घेतात यावर खुद्द डार्विनचा अंदाज चुकला होता आणि ती चूक दाखवणारी एक बाई होती, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, मासिकांत लेख लिहून पोट भरणारी, हे मला तरी परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. मग धागा ओढत गेले तर रोजच्या बघण्यातल्या अजून दोन झाडांमागे अशाच बायका निघाल्या, अंगणातला शंकासूर आणि शेतातला ऊस. तिघी वेगवेगळ्या देशांतल्या, तिघींची शतकं वेगळी. पहिल्या दोघींना तर कुठल्या कॉलेजात किंवा विद्वानांच्या मंडळात कुणी उभंच केलं नसतं, त्यामुळे त्यांना बागेत, तळ्याकाठी, जंगलात जाऊनच बघावं लागलं. आणि माझं मत असं की म्हणूनच त्यांना दिसलं.

सुरुवात शंकासुरापासून. (शिमग्यातला संकासूर नव्हे, लाल पिवळ्या तुऱ्यांचं ते फुलझाड, गुलमोहराचं धाकटं भावंड वाटावं असं.) या झाडाचं एक चित्र मारिया सिबिला मेरियनने काढलंय, आणि त्या चित्रासोबत तिने जे लिहून ठेवलंय ते वाचल्यावर अंगणातल्या शंकासुराकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. पण ते थोडं पुढे.

मेरियन १६४७ ची, फ्रँकफर्टची. वडील नावाजलेले खोदचित्रकार आणि प्रकाशक, पण ती तीन वर्षांची असतानाच गेले. आईने दुसरं लग्न केलं ते फुलांची चित्रं काढणाऱ्या चित्रकाराशी, त्यामुळे रंग, कागद, फुलं सगळं घरात. तेराव्या वर्षी पोरीने रेशमाचे किडे पाळायला घेतले. आता आपल्याकडे जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज अशी जिवांची चार खाणींची वाटणी ऐकलेली असते ना, उवा-ढेकूण घामातून होतात म्हणून ते स्वेदज, तर युरोपातही ॲरिस्टॉटलपासून असलंच काहीतरी चालत आलेलं, किडे चिखलातून, कुजलेल्या मांसातून, दवातून आपोआप होतात म्हणे. फ्रान्चेस्को रेडीने मांस झाकून ठेवून त्यात अळ्या होत नाहीत हे दाखवलं ते १६६८ मध्ये. ही पोरगी त्याच्या आधीपासून, १६६० पासून, डब्यात अळ्या ठेवून, रोज पाला घालून, कोष कधी झाला, त्यातून काय बाहेर आलं हे टिपत होती. कुणी सांगितलं म्हणून नाही.

लग्न झालं, न्यूरेंबर्गला गेली, दोन मुली झाल्या. तिथे तैलरंग वापरायचा हक्क गिल्डच्या, म्हणजे चित्रकारांच्या संघाच्या, पुरुष सभासदांकडे, मग तिने जलरंगात, कातड्याच्या चर्मपत्रावर काम केलं. १६७९ मध्ये सुरवंटांवरचं तिचं पहिलं पुस्तक आलं, ५० पानभर चित्रांचं, १६८३ मध्ये दुसरा भाग, त्यातही ५०. यातली खरी नवी गोष्ट म्हणजे पानाची मांडणी. तोवर बहुतेक किडे काढायचे ते एकेक सुटे, टाचणी लावून ठेवल्यासारखे. हिने एकाच पानावर अंडी, अळी, कोष, फुलपाखरू आणि ती अळी ज्या झाडाचा पाला खाते ते झाडही काढलं, कुरतडलेल्या पानांसकट. आज फुलपाखरांची बाग करणारे लोक उठसूट खाद्यवनस्पती खाद्यवनस्पती म्हणतात, कढीपत्ता लावा, रुई लावा, पानफुटी लावा, ते सगळं या मांडणीतच आहे. काही कोषांतून फुलपाखरू न निघता भलत्याच माश्या निघतात हेही तिने लिहून ठेवलंय, म्हणजे परजीवी गांधीलमाश्या, फक्त तो प्रकार काय आहे हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं.

नवऱ्याशी पटलं नाही. ती मुलींना घेऊन एका कडक धार्मिक पंथाच्या वस्तीत जाऊन राहिली, मग १६९१ मध्ये ॲम्स्टरडॅम, पुढे घटस्फोट. ॲम्स्टरडॅममधल्या श्रीमंतांच्या संग्रहात तिला दक्षिण अमेरिकेतली फुलपाखरं बघायला मिळाली, सगळी मेलेली, आणि त्यांची अळी कशी, ती खाते काय याचं उत्तर कुणाकडेच नाही. म्हणून १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपली २५५ चित्रं विकून आलेल्या पैशावर, धाकट्या मुलीला घेऊन ती जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत गेली. कुठल्या राजाने पाठवलं नाही, कुठल्या कंपनीची नोकरी नाही.

सुरिनाम म्हणजे तेव्हा साखर. आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम, उसाचे मळे, आणि मळेवाल्या डचांना साखर सोडून दुसरं काही सुचत नव्हतं. ही बाई साखर सोडून भलतंच काहीतरी शोधतेय म्हणून ते तिची टिंगल करायचे, तसं तिनेच लिहिलंय. जंगल इतकं दाट की पुढे गुलाम कुऱ्हाडी घेऊन वाट काढत जायचे नि मागून ही. इथे मला थोडं अडखळायला होतं. तिच्या धाडसाचं कौतुक करायचं तर वाट कुणी काढली हेही बघावं लागतं. ती गुलामांकडून काम करून घेत होती, अळ्या आणून घेत होती, झाडांची माहिती विचारून घेत होती, आणि परत येताना तिथली एक मूलनिवासी बाई सोबत घेऊन आली. नाव एकीचंही नाही. आपल्याकडे गोव्यात गार्सिया द ओर्ताने, पणजीत ज्याच्या नावाची बाग आहे तो, १५६३ मध्ये औषधी वनस्पतींचा ग्रंथ छापला, त्यात झाडपाला आणून देणारी त्याची दासी अंतोनिया निदान नावाने तरी आहे. मेरियनकडे तेही नाही.

पण तिने एक केलं, त्या बायकांनी जे सांगितलं ते लपवलं नाही. शंकासुराच्या चित्रासोबत तिने लिहिलंय की गुलाम बायका या झाडाच्या बिया गर्भ पाडायला वापरतात, कारण मालक त्यांना फार वाईट वागवतात आणि आपलं मूल आपल्यासारखंच गुलाम व्हावं असं त्यांना वाटत नाही, आणि हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. फुलाखाली एवढं लिहिलेलं आहे. पुढे शंकासूर युरोपातल्या बागांमधून शोभेचं झाड म्हणून मिरवला, पण ही माहिती काही त्याच्यासोबत गेली नाही, वैद्यकाच्या पुस्तकांत तिला जागा मिळाली नाही.

हवामान मानवलं नाही, बहुतेक मलेरिया असावा, १७०१ मध्ये ती परतली. १७०५ मध्ये ६० पानभर चित्रांचं सुरिनामवरचं पुस्तक स्वखर्चाने काढलं, डचमध्ये आणि लॅटिनमध्ये. सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत बसवणाऱ्या लिनियसने जाती ठरवताना तिची चित्रं वापरली. १७१७ मध्ये ती वारली. नंतर एकोणिसाव्या शतकात तिची खिल्ली सुरू झाली, पेरूच्या फांदीवर मोठा कोळी पक्ष्याला खातोय असं तिचं एक चित्र आहे, त्यावरून ही बाई ऐकीव गोष्टी रंगवते असं म्हणायला लागले, त्यात पुढे असलेला एक पाद्री तर सुरिनामला कधी गेलेलाही नव्हता. मग १८६३ मध्ये हेन्री बेट्सचं ॲमेझॉनवरचं पुस्तक आलं, त्याने स्वतः कोळ्याच्या तावडीत सापडलेले पक्षी बघितले होते. अर्थात तिचं सगळं बरोबर होतं असं नाही, त्याच चित्रात तिने दोन वेगळ्या प्रकारच्या मुंग्यांची सरमिसळ केलीय, पानं कापणाऱ्या आणि झुंडीने शिकार करणाऱ्या. होतं असं.

आता सीतेची आसवं. मेरी ट्रीट ही अमेरिकन बाई, जन्म १८३०, राहायला न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडला. १८७४ मध्ये नवऱ्यापासून वेगळी झाली आणि कोळी, मुंग्या, पक्षी, किडेखाऊ झाडं यांवर मासिकांत लिहून घर चालवायला लागली. तिची प्रयोगशाळा म्हणजे घरची बाग आणि आसपासची तळी. डार्विनशी तिचा पत्रव्यवहार चालू होता, तोही किडेखाऊ झाडांवरच काम करत होता. सीतेची आसवं ज्या प्रजातीतली, त्या युट्रिक्युलारियाला बारीक फुगे असतात, फुग्याच्या तोंडाला झडप. डार्विनचं म्हणणं, बारके पाणजीव डोक्याने पाचर मारल्यासारखे झडप ढकलून आत घुसतात आणि अडकतात. ट्रीटने तळ्यातली झाडं आणून मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि तासन्‌तास बघत बसली. तिला दिसलं की जीव नुसता झडपेपाशी येऊन टेकायचा अवकाश, तो क्षणात गडप. म्हणजे झाडच ओढून घेतंय. डार्विनने नंतर पत्रात कबूल केलं की ते पाचरीचं माझं चुकलंच दिसतंय. आज कळतं की फुगा आतलं पाणी बाहेर टाकून पोकळी धरून ठेवतो, आणि झडपेच्या केसांना धक्का लागला की एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात पाण्यासकट भक्ष्य आत. कासच्या सड्यावर हे फुगे ओल्या मातीत असतात, त्यामुळे वरून फोटो काढणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

त्या काळातल्या बाकीच्या बायकांचं थोडक्यात सांगते. इंग्लंडची एलेनॉर ऑर्मेरॉड, १८२८ ची, पिकांवरच्या किडींचे वार्षिक अहवाल तिने १८७७ पासून वीसेक वर्षं काढले, शेतकरी तिला अळ्या डब्यांत भरून पोस्टाने पाठवायचे. विषारी म्हणतात ते खरं का हे बघायला तिने न्यूट नावाच्या, पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याची शेपटी स्वतःच्या दातात धरून पाहिली होती, तोंडाला फेस आला. १९०० मध्ये एडिनबरा विद्यापीठाने तिला मानद एलएलडी दिली, तिथे हा मान मिळालेली पहिली बाई. पण हिनेच आर्सेनिकवालं पॅरिस ग्रीन फळबागांवर मारायचा जोरदार प्रचार केला, आणि धान्य खातात म्हणून चिमण्या मारा अशी मोहीमही चालवली. मग एव्हलिन चीझमन, तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं, लंडनच्या कॉलेजात बायकांना प्रवेश नाही, म्हणून ती लंडन झूच्या कीटकघरात लागली आणि तिथून पुढे न्यू गिनीच्या जंगलांत, बहुतेक वेळा एकटीच. लिनियसच्याच नावाच्या लंडनच्या सोसायटीने बायकांना सभासद करून घ्यायला १९०४ उजाडलं. मेरियनच्या पुस्तकानंतर जवळजवळ २०० वर्षांनी!

आणि ऊस. ई. के. जानकी अम्माल, जन्म १८९७, केरळातलं तलश्शेरी. मद्रासला शिकली, लग्नाच्या फंदात पडली नाही, आशियातल्या मुलींसाठी असलेल्या बार्बोर स्कॉलरशिपवर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेली, १९३१ मध्ये तिथली डीएस्सी. १९३४ मध्ये कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात रुजू झाली. आपल्याकडे कोल्हापूर-सांगली पट्ट्यात कुणालाही विचारा, को ४१९, को ७४०, को ८६०३२, जाती नुसत्या आकड्याने ओळखतात, त्यातला 'को' म्हणजे हेच कोइमतूर. जानकीने यातल्या जाती काढल्या असं नाही, ८६०३२ तर तिच्या काळानंतरची. तिचं काम त्याच्या मुळाशी. जाड, गोड ऊस नाजूक होता, म्हणून याच केंद्रातल्या बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी १९१२ पासून त्याचा संकर नदीकाठच्या, पांढरे तुरे येणाऱ्या रानटी गवताशी करायला घेतला होता, त्या गवताने काटकपणा दिला, खोडवा चांगला यायला लागला. पण हे गवत प्रत्येक भागात वेगळं, गुणसूत्रांची संख्यासुद्धा एकसारखी नाही. ती गुणसूत्रं मोजणं, कुठलं गवत कुठल्या उसाशी जुळेल हे समजून घेणं, हे काम जानकीचं. उसाचा मक्याशी संकर करण्यापर्यंत ती गेली.

१९४० च्या सुमारास ती इंग्लंडला गेली. सोबत कपोक नावाची खार लपवून नेली होती. महायुद्धात रात्री बॉम्ब पडायला लागले की पलंगाखाली शिरायचं आणि सकाळी फुटलेल्या काचा झाडून परत कामाला लागायचं, अशी आठवण तिच्या घरचे सांगतात. १९४५ मध्ये डार्लिंग्टन या शास्त्रज्ञासोबत लागवडीच्या झाडांच्या गुणसूत्रांचा मोठा ॲटलास काढला, नंतर तिथल्याच विझलीच्या बागेत मॅग्नोलियावर काम केलं, तिथला एक पांढरा मॅग्नोलिया तिच्या नावाने ओळखतात. १९५१ मध्ये नेहरूंनी बोलावलं म्हणून ती परत आली, बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाची घडी नव्याने बसवायची होती. निवृत्तीनंतर थोडे दिवस मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रातही होती, मग १९७० पासून चेन्नईजवळ मदुरवॉयलला.

केरळ सरकारला कुंतीपुळा नदीवर सायलेंट व्हॅलीच्या जंगलात वीज प्रकल्प बांधायचा होता. ऐंशीच्या घरातली ही बाई त्या विरोधात उतरली, आणि उतरली ती झाडं मोजायलाच, पाण्याखाली जाणाऱ्या झाडांच्या गुणसूत्रांची पाहणी करायचं तिने मनावर घेतलं. जन्मभर ज्या जातींच्या संकरातून पिकं सुधारली त्यांचे रानटी नातलग जंगलातच असतात, हे तिला उसामुळे पक्कं ठाऊक होतं. प्रकल्प रद्द झाला. नॅशनल पार्क जाहीर झालं १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये. जानकी फेब्रुवारीतच गेली होती, मदुरवॉयलच्या त्या शेतावरच्या प्रयोगशाळेत, ८६ व्या वर्षी.