रिपोर्टवरचं 'ग्रॅम निगेटिव्ह' म्हणजे 'काही नाही' असं नव्हे

नौपाड्यातल्या शेजारच्या काकूंनी लघवीच्या कल्चरचा (नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट पुढे केला. 'ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय' (बॅसिलाय म्हणजे काडीसारखे जिवाणू) या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "निगेटिव्ह आलंय, म्हणजे काही नाही ना गं?" हा गैरसमज मी ठाण्यात कितीदा तरी ऐकलाय. त्याचीच जुळी बहीण म्हणजे 'पॉझिटिव्ह जिवाणू चांगले, निगेटिव्ह वाईट'.

इथे प्रश्न फक्त रंगाचा आहे. जिवाणू रंगवून पाहण्याची ही पद्धत हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली मांडली. काचपट्टीवर आधी जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोल. जिवाणूच्या पेशीभित्तीत पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाचा जाड थर असेल तर जांभळा रंग आत अडकून राहतो: ग्रॅम पॉझिटिव्ह. थर पातळ आणि त्यावर आणखी एक पटल असेल तर जांभळा रंग धुऊन जातो, आणि शेवटच्या सॅफ्रानिन या तांबड्या रंगाने पेशी गुलाबी दिसते: ग्रॅम निगेटिव्ह.

दह्यातला लॅक्टोबॅसिलस पॉझिटिव्ह, आणि गळवात पू करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियसही पॉझिटिव्हच! ई. कोलाय निगेटिव्ह, त्याचे बहुतेक प्रकार आतड्यात निमूट राहतात, मूत्रमार्गात शिरले की मात्र जळजळ सुरू. क्षयाचा जिवाणू तर ग्रॅमच्या रंगाला नीट दादच देत नाही.

काकूंना म्हटलं, काही नसतं तर 'नो ग्रोथ' लिहिलं असतं. तुमच्यात जिवाणू सापडलेत, खाली त्यांच्यावर कोणतं औषध चालेल, कोणतं नाही याची यादी आहे, हा रिपोर्ट घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. घरातली उरलेली गोळी घेऊ नका. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंच्या त्या बाहेरच्या पटलामुळे काही औषधं आत पोचतच नाहीत.