उच्च तीव्रतेचा अंतराल व्यायाम : खान्देश

उच्च तीव्रतेचा अंतराल व्यायाम (इंग्रजीत ‘हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग’, थोडक्यात हिट) : थोडा वेळ जवळजवळ पूर्ण ताकदीने हालचाल, मग ठरावीक वेळ हलकी हालचाल किंवा विश्रांती, आणि हेच चक्र पुन्हा पुन्हा, अशी रचना असलेली व्यायामपद्धती. जोराचा टप्पा १० सेकंदांपासून ४ मिनिटांपर्यंत असतो. विश्रांती कधी त्याच्या निम्मी, कधी तेवढीच, तर कधी कितीतरी पट. कमी वेळात दमसास वाढवणारी पद्धत म्हणून ती जगभर रूढ झाली आहे.

खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, ती दोन वाटांनी रुजली. शहरांतल्या जिममध्ये ती ‘हिट’ याच नावाने शिकवली जाते. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली मात्र तिचे नावही न घेता ती मैदानावर करतात. या पद्धतीत विश्रांतीला जोराइतकेच महत्त्व आहे, आणि जिम असो वा मैदान, दुर्लक्ष होते ते नेमके विश्रांतीकडे.

शरीरातील घडामोड

पूर्ण वेगाने धाव घेतली की पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूत साठलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून मिळते. हा साठा साधारण १० सेकंदांत बराचसा आटतो. पुढे ग्लायकोजेनचे (स्नायूंत साठलेल्या साखरेचे) विघटन वेग घेते, त्यातून तयार होणारे लॅक्टेट वाढते, श्वास फुलतो आणि पाय जड होतात. जोर थांबला की हृदय व फुप्फुसे काही वेळ तशीच जोमाने चालू राहून हा खर्च भरून काढतात. क्रिएटिन फॉस्फेटचा निम्मा साठा अर्ध्या मिनिटाच्या आसपास परत येतो, पूर्ण भरायला मात्र काही मिनिटे लागतात. म्हणून १०० मीटरच्या वेगासाठी सराव करणाऱ्याने दोन धावांमध्ये ३ ते ५ मिनिटे थांबणे हा आळस नव्हे. घाईने घेतलेली दुसरी धाव वेगाची राहतच नाही, ती नुसती दमणूक होते.

काही आठवडे सराव टिकला तर हृदय एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर टाकू लागते, स्नायूंच्या पेशींतील तंतुकणिकांची (ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांची) संख्या व क्षमता वाढते आणि इन्शुलिनला पेशींचा प्रतिसाद सुधारतो. हृदय आणि स्नायूंतील या बदलांचे एकत्रित माप म्हणजे कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमता. शरीर एका मिनिटात, दर किलो वजनामागे, जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकते, हे त्यावरून कळते.

पद्धतीचा इतिहास

जर्मनीतील प्रशिक्षक वोल्डेमार गेर्श्लर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी १९३० च्या दशकात या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली. धावपटूची नाडी वर नेऊन ती ठरावीक आकड्यापर्यंत खाली येऊ द्यायची आणि मगच पुढची धाव, हे त्यांचे सूत्र. गेर्श्लर यांचा शिष्य रुडोल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले आणि तो विक्रम १९५५ पर्यंत टिकला. ४०० मीटरच्या असंख्य आवर्तनांसाठी ओळखला जाणारा चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक याने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके जिंकली.

आज जिममध्ये सर्वाधिक घेतले जाणारे नाव जपानी संशोधक इझुमी ताबाता यांचे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २० सेकंद जोर व १० सेकंद विश्रांती अशी ७-८ आवर्तने होती. सहा आठवड्यांत या गटाची ऑक्सिजन ग्रहणक्षमता सुमारे ७ मिलिलिटरने वाढली. आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम गतीने सायकल मारणाऱ्या गटाची सुमारे ५ ने. पण तो जोर कमाल ऑक्सिजन ग्रहण गाठायला लागणाऱ्या जोराच्या १७० टक्के होता, व्यायाम प्रयोगशाळेतील सायकलवर होता आणि करणारे तरुण खेळाडू होते. दिवाणखान्यात चार मिनिटे उड्या मारून ‘ताबाता झाला’ म्हणणे म्हणजे त्या प्रयोगाचे केवळ घड्याळ उचलणे होय.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या गटाने सर्वसामान्यांकडे लक्ष दिले. त्यांच्या २०१६ च्या अभ्यासात बैठी जीवनशैली असलेल्या पुरुषांनी आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी १० मिनिटांची सत्रे केली; त्यांतला खरा जोर २० सेकंदांचा, तोही तीनच वेळा. १२ आठवड्यांनंतर त्यांची ऑक्सिजन ग्रहणक्षमता सुमारे १९ टक्क्यांनी वाढली. ४५ मिनिटे मध्यम गतीने सायकल चालवणाऱ्यांचीही वाढ तेवढीच होती. नॉर्वेतील त्रोंधाइम येथे ४ मिनिटांचे चार टप्पे आणि मध्ये ३ मिनिटे हलकी हालचाल अशी पद्धत विकसित झाली. हृदयरुग्णांच्या पुनर्वसनातही ती वापरली गेली.

भरतीचे मैदान

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची शारीरिक चाचणी ५० गुणांची आहे. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. लांब धावेला २०, उरलेल्या दोन प्रकारांना प्रत्येकी १५ गुण. या चाचणीला बोलीत सरळ ‘ग्राउंड’ म्हणतात. ‘लेखी’ची तयारी अभ्यासिकेत चालते आणि ग्राउंडची गावाबाहेरच्या मैदानावर, रस्त्याच्या कडेला किंवा शाळेच्या पटांगणात, पहाटे. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शिरपूर, नंदुरबार, कुठेही दिवस उजाडण्याआधी बाहेर पडावे, रस्त्याकडेने धावणारी पोरे दिसतातच. शेतकरी आणि शेतमजूर घरांतल्या या मुलांसाठी ती धाव म्हणजे नोकरीचा दरवाजा असतो, आणि म्हणूनच तिचा सराव नीट व्हावा ही कळकळ रास्त आहे.

सर्रास चालते ते असे : रोज सकाळी पूर्ण १,६०० मीटर जीव तोडून धावायचे आणि वेळ पाहायची. पहिले काही आठवडे वेळ सुधारते, मग अडते. मग आणखी जोर, मग नडगीत दुखणे, मग ऐन भरतीच्या तोंडावर विश्रांतीची सक्ती. अंतराल पद्धत इथे थेट कामाची आहे. मुलांना पूर्ण गुणांसाठी १,६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत पार करावे लागते. चार भागांत वाटले तर ४०० मीटरला ७७.५ सेकंद. ८०० मीटरसाठी मुलींना २ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे ४०० ला ८५ आणि २०० ला ४२.५ सेकंद. हाच वेग तुकड्यांत शिकायचा असतो.

एक सत्र जवळून पाहू. आधी १०-१२ मिनिटे रमतगमत धावणे, पायांच्या मोकळ्या हालचाली, दोन-तीन छोट्या वेगवान धावा. मग फक्कीने आखलेल्या रेषेवरून ४०० मीटर, ७६ ते ७८ सेकंदांत. रेषेवर उभा असलेला जोडीदार मोबाईलवर वेळ लावतो आणि २०० मीटरला आकडा ओरडून सांगतो. तो ३८-३९ हवा. ३४ आला तर मुलगा उतावीळ झाला आहे आणि शेवटच्या वळणावर तो ढेपाळणार. फेरी संपली की गुडघ्यांवर हात टेकून उभे राहायचे नाही, अडीच-तीन मिनिटे चालत राहायचे. अशा चार फेऱ्या, सरावलेल्यांना पाच. चौथ्या फेरीची वेळ ८५ वर घसरली तर पाचवी घ्यायची नाही, घरी जायचे. पुढच्या आठवड्यांत आधी विश्रांती थोडी थोडी कमी करायची, वेग नंतर वाढवायचा. आठवड्यात अशी दोन सत्रे पुरतात, दोहोंमध्ये किमान ४८ तासांचे अंतर ठेवून. बाकीचे दिवस गप्पा मारता येतील अशा गतीने लांब धावणे आणि गोळ्यासाठी ताकदीचा व्यायाम. शाळेचे मैदान ४०० मीटरचे क्वचितच असते, म्हणून फेरी टेपने मोजून घ्यावी. छोट्या, वळणावळणाच्या फेरीत मोबाईलचे जीपीएस अंतर चुकवते आणि त्यावर विसंबलेल्याला चाचणीच्या दिवशी धक्का बसतो.

चढाची धाव हा याच सरावाचा दुसरा प्रकार. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्याची चढण किंवा सातपुड्याच्या पायथ्याचे रस्ते त्यासाठी चांगले. चढावर वेग कमी असूनही नाडी झपाट्याने वर जाते आणि पायांना आदळ कमी बसते. उतरताना मात्र चालतच यावे. उतारावरची धाव मांड्या आणि गुडघे दोन दिवस धरून ठेवते.

आपल्या मातीतल्या खेळांत ही रचना आधीपासून आहे. कबड्डीची चढाई ३० सेकंदांची असते, खो-खोमध्ये पाठलाग करणारा काही सेकंद वाऱ्यासारखा पळतो आणि खो देऊन बसतो, मॅटवरची कुस्ती ३ मिनिटांच्या दोन डावांत, मध्ये ३० सेकंद थांबून होते. शाळेत खो-खो मन लावून खेळलेल्या मुलीला ८०० मीटरचा सराव सोपा जातो, यात नवल नाही. रावेर-यावल भागातल्या केळीच्या कापणीतही मजूर जड घड खांद्यावर घेऊन बागेतून गाडीपर्यंत जातो आणि रिकामा परततो. पण त्याला व्यायाम म्हणू नये. तिथे विश्रांती मजुराच्या दमावर नव्हे, गाडी भरण्याच्या घाईवर ठरते, आणि दिवसभर तेच केल्यावर शरीराला सावरायला फुरसतच मिळत नाही.

चालण्यातून सुरुवात

चाळिशी ओलांडलेला दुकानदार, शिक्षक, बँकेतला कर्मचारी किंवा गृहिणी यांनी भरतीच्या पोरांची नक्कल करू नये. त्यांच्यासाठी उत्तम प्रवेशद्वार म्हणजे जपानमधील शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे व सहकाऱ्यांनी तपासलेले अंतराल चालणे : ३ मिनिटे झपाझप, ३ मिनिटे सावकाश, अशा पाच जोड्या, आठवड्यातून किमान चार दिवस. २००७ च्या त्यांच्या अभ्यासात पाच महिन्यांनंतर मध्यमवयीन व वृद्धांच्या मांड्यांची ताकद आणि दमसास वाढला, वरचा रक्तदाबही एकसारख्या गतीने चालणाऱ्यांपेक्षा जास्त उतरला. डेन्मार्कमध्ये टाइप २ मधुमेहींवर झालेल्या २०१३ च्या अभ्यासात चार महिन्यांच्या अंतराल चालण्याने साखरेचे नियंत्रण सुधारले. तेवढीच ऊर्जा खर्च करून एका गतीने चालणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही.

जळगावात मेहरूण तलावाभोवती किंवा धुळ्यात पांझरेकाठी रोज फिरणाऱ्यांना यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. झपाझप म्हणजे किती, याची खूण बोलण्यात आहे. जोराच्या टप्प्यात दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, सावकाश टप्प्यात पूर्ण वाक्य बोलता यावे. वयावरून कमाल नाडी काढायची असेल तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करतात. ५० वर्षांच्या माणसाची ती १७३ येते. हा अंदाज व्यक्तीगणिक दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो, आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी) गोळी चालू असेल तर नाडी नेहमीइतकी वर जात नाही. अशांनी आकड्यापेक्षा बोलण्याची खूणच मानावी. पहाटेच्या अंधारात बाहेर पडणे ज्या बायकांना जमत नाही, त्यांना गच्ची किंवा जिना पुरतो : एक मजला चढायचा, सावकाश उतरायचे, श्वास जागेवर आला की पुन्हा.

ऊन, माती आणि हंगाम

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. त्या दिवसांत रात्रही पुरती निवत नाही. उष्णतेत त्वचेकडे जास्त रक्त वळवावे लागत असल्याने त्याच वेगाला नाडी जास्त चढते. म्हणून एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत सत्र सूर्योदयापूर्वी संपवावे, आवर्तने कमी करावीत, विश्रांती वाढवावी आणि हिवाळ्यातल्या वेळेशी तुलना करू नये. पुण्या-मुंबईहून सुटीला आलेल्याने पहिले १०-१४ दिवस हलकेच घ्यावे. शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढा काळ लागतो. धावताना कोणी असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या जाऊ लागल्या किंवा उलटी झाली तर तो उष्माघात समजावा. घाम चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नये. सावलीत नेऊन अंगभर गार पाणी ओतत राहावे आणि तातडीने दवाखान्यात न्यावे.

काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेत पाय पडून घोटा मुरगळतो. पावसाळ्यात तिचाच चिखल बुटाला चिकटतो. या काळात दोरीवरच्या उड्या, जिना, दंड-बैठका. खरा मोसम दिवाळीनंतरचा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांखालीही उतरतो, तेव्हा अंग तापवायला नेहमीपेक्षा पाच मिनिटे जास्त द्यावीत.

खाणे साधे असावे. अर्धा-पाऊण तास आधी एखादे केळे, नंतर पाणी, मीठ घातलेले ताक किंवा लिंबूसरबत, आणि मग पोटभर भाकरी-डाळ.

मर्यादा व सावधगिरी

‘व्यायामानंतरही दिवसभर चरबी जळत राहते’ हा प्रचार फुगवलेला आहे. नंतरचा वाढीव खर्च खरा असला तरी थोडा असतो. वजन घटवण्यात अंतराल व्यायाम आणि नेहमीचा व्यायाम यांत विशेष फरक आढळत नाही. या पद्धतीची खरी कमाई दमसास आणि वाचलेला वेळ ही आहे. स्नायूंच्या ताकदीसाठी वेगळा व्यायाम लागतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस ताकदीचा.

छातीत दुखणे, चालताना भोवळ, अनियंत्रित रक्तदाब, आधी झालेला हृदयविकार किंवा घरात कमी वयात कोणाचा अचानक मृत्यू, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचा टप्पा सुरू करू नये. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी सोबत गूळ किंवा साखर ठेवावी. ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर काही दिवस फक्त चालावे.

प्रगती मोजायला अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडलेली १२ मिनिटांच्या धावेची चाचणी सोपी आहे : तेवढ्या वेळात कापलेले अंतर सहा-आठ आठवड्यांनी, त्याच मैदानावर, त्याच वेळी पुन्हा मोजायचे. धावणे शक्य नसलेल्यांनी जिना चढून झाल्यावर लगेच आणि नेमके एका मिनिटाने नाडी मोजावी. सराव लागू पडत असेल तर या दोन आकड्यांतला फरक वाढत जातो.